मोटरहोमचं दार अडलं तर: किल्लीशी भांडण्याआधी

पावसाळा ओसरताना कासची फुलं बघून आम्ही पुढे बामणोलीच्या बाजूला एका घराच्या अंगणात आमचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर असलेली गाडी, लावली होती. जेवण त्यांच्याकडेच होतं. जेवून परत आलो तर गाडीचं दार उघडेना. किल्ली अर्धी फिरायची आणि अडायची. मी आधी हळू, मग जोरात, मग दात-ओठ खात फिरवत राहिलो. घरमालक काका ओसरीवर बसून तंबाखू मळत बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाले, "पाव्हणं, किल्लीसंगं कशापायी भांडताय? दाराला रेटा की!" मी खांदा लावून दार आत रेटलं, बायकोनं किल्ली फिरवली, आणि ती अशी फिरली की जणू कधी अडलीच नव्हती.

कुलपात काही बिघाड नव्हताच. अंगण उताराचं, त्यात मागचं डावं चाक जांभ्याच्या एका चिऱ्यावर चढलेलं. त्यामुळे गाडीची बॉडी थोडी पिळली होती, दाराची चौकट तिरकी झाली होती आणि कुलपाची जीभ चौकटीवरच्या भोकाच्या पट्टीत दाबली गेली होती. किल्लीवर मी अजून दोन मिनिटं जोर काढला असता तर ती आत तुटली असती आणि मग खरंच कुलूप बदलावं लागलं असतं.

नवीन मोटरहोम घेतलेल्या किंवा जुन्या मिनीबसला बॉडीवाल्याकडून घर करून घेतलेल्या माणसाला म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो: कुलूप खोलायला सर्वांत शेवटी घ्या. आधी जमीन बघा, मग चौकट, मग बिजागऱ्या, मग पट्टी, मग आतल्या सळ्या. माझ्या गाडीचं दार आजवर बऱ्याचदा अडलंय. त्यात कुलपाचा दोष फक्त एकदा निघाला.

आत्ता या क्षणी दार अडलं असेल तर

बाहेर अडकला असाल तर एकानं दार आत दाबायचं, दुसऱ्यानं किल्ली फिरवायची. तेवढ्यानं झालं नाही तर उलट करा, मुठीला धरून दार बाहेर ओढा आणि किल्ली फिरवा. तरीही नाही तर दार किंचित वर उचलून बघा. बिजागरी बसली असेल तर दाराचा मोकळा काठ खाली लोंबतो, आणि दोन-तीन मिलिमीटर उचललं तरी जीभ सुटते. या तिन्हीला मिळून एक मिनिट लागतं.

पुढची पायरी, गाडी हलवा. ड्रायव्हरच्या दारातून आत जाता येत असेल तर चार फूट पुढे घेऊन सपाटीवर उभी करा. मुक्कामाला टेकू, जॅक किंवा चाकाखाली फळ्या दिल्या असतील तर आधी त्या काढा. ड्रायव्हरच्या केबिनमधून मागच्या घरात जायला वाट असेल तर तुम्ही नशीबवान. काही बॉडीवाले तिथे आडवी भिंत घालतात. गाडी बांधून घेताना ती घालू देऊ नका. दार अडल्यावर त्या वाटेची किंमत कळते.

आत अडकलात तर घाई करू नका, पण एक काम आधी करा: शेगडी बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. मग दाबा-ओढा-उचला हा प्रयोग आतून. त्यानंतर केबिनचं दार, मागचं दार, आपत्कालीन खिडकी, याच क्रमानं. गाडीत काच फोडायची हातोडी असते, ती कुठे अडकवलीय हे घरातल्या पोरांनाही माहीत हवं. कुणाचा जीव घाबरा होत असेल, धूर किंवा गॅसचा वास असेल, तर विचार न करता काच फोडा. दुसरीकडून मदत लागणार असेल तर ११२ वर फोन करा. घाटात रेंज येते-जाते, म्हणून जिथे मुक्काम त्या यजमानांचा नंबर लिहून खिशात ठेवायचा.

किल्ली भोकात जाते पण फिरतच नाही, असं असेल तर दुसरी किल्ली आणा. दुसरीनं उघडलं तर दोष पहिल्या किल्लीचा. वापरून तिचे दात झिजलेत. दुसरी घरी राहिली असेल तर झिजलेली किल्ली पूर्ण आत घाला, केसभर बाहेर ओढा आणि मग फिरवा. बऱ्याचदा लागते. पकडीनं धरून मात्र फिरवायची नाही. पकड हातात आली की जोराचा अंदाज जातो.

दार उघडं ठेवून तपासणी

दार एकदा उघडलं की सुटलो म्हणून ते पुन्हा धाडकन लावणारा मी एकटाच नसेन. लावू नका. सगळी तपासणी उघड्या दारावर करायची असते, कारण उघड्या दारात काही अडलं तरी तुम्ही अडकत नाही.

आधी आपलं कुलूप कुठल्या जातीचं ते ओळखा. मिनीबसचं मूळ दार ठेवलं असेल तर दाराच्या कडेला फिरणारा जबडा दिसेल आणि चौकटीवर इंग्रजी यू अक्षरासारखी जाड सळई, म्हणजे स्ट्रायकर. बॉडीवाल्यानं नवं दार बसवलं असेल तर बहुधा घराच्या दारासारखी तिरकी, स्प्रिंगवर मागे-पुढे होणारी जीभ असेल, खाली किल्लीनं सरकणारा चौकोनी खिळा असेल आणि चौकटीवर भोकाची पट्टी.

जबड्याचं असेल तर स्क्रू ड्रायव्हर जबड्यात घालून स्ट्रायकरसारखा आत दाबा. दोन खटके ऐकू यायला हवेत. पहिला खटका म्हणजे अर्धं लागलेलं दार, दुसरा म्हणजे पूर्ण. दुसरा ऐकू आला नाही तर जबड्यात माती किंवा वाळकं ग्रीस आहे. आता बाहेरची मूठ ओढा, जबडा सुटला पाहिजे. परत दाबा, आतली मूठ ओढा, परत सुटला पाहिजे. परत दाबा, किल्लीनं लॉक करा, मूठ ओढा, सुटता कामा नये. लॉक नसतानाही मूठ ओढून जबडा सुटला नाही तर स्क्रू ड्रायव्हर तसाच राहू द्या आणि दार चुकूनही लावू नका, दोष दाराच्या आतल्या सळईत आहे. लेखाच्या पुढच्या भागात येतो.

जिभेचं असेल तर अंगठ्यानं जीभ दाबा, सोडा. ती चटकन बाहेर आली पाहिजे. रेंगाळत आली तर ग्रीस-धुळीचा चिखल किंवा मेलेली स्प्रिंग.

उघड्या दारात सगळं सुरळीत आणि लावल्यावर अडतं? मग कुलपाला हात लावायची गरजच नाही, दोष चौकटीचा. नवख्या माणसाचं कुलपावर पैसे घालणं इथेच थांबतं.

चौकट, बिजागरी आणि कुंकवाचा डाग

गाडी सपाट जागी उभी करा. टेप घ्या आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, वरचा डावा ते खालचा उजवा आणि उलट. दोन्ही सारखे हवेत. मग मागच्या एका चाकाखाली फळी देऊन परत मोजा. फरक किती पडतो ते दिसलं की तुमची गाडी उतारावर किती पिळते हे कायमचं कळतं. फळी काढल्यावरही कर्णांत चार-पाच मिलिमीटरचा फरक राहिला तर चौकट मुळातच वाकडी बसलीय, ते बॉडीवाल्याचं काम. पट्टी सरकवून ते झाकलं जातं, सुटत नाही.

बिजागऱ्या तपासायला दार अर्धं उघडा, मोकळ्या काठाला खालून दोन्ही हात लावून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर बिजागरीची पिन झिजली आहे किंवा स्क्रू ढिले झालेत. गाडीतल्या दारात काच असते, जाळीचं दुसरं दार असतं, कुणी आतून चपलांचं कपाटही ठोकतं; एवढं वजन साध्या लाकडी स्क्रूंवर खड्ड्यांतून टिकत नाही. प्लायमधलं भोक सैल झालं तर घरी आपण काडेपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरतो. गाडीत ते जुगाड एक घाट टिकतं. आरपार बोल्ट, मागून मोठा वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे हादऱ्यानं न सुटणारा नट, असंच काम करून घ्या.

आता कुंकू. जिभेच्या टोकाला, किंवा जबड्याच्या गाडीत स्ट्रायकरच्या सळईला, ओल्या कुंकवाचं बोट लावा. दार हळूच लावा, उघडा. समोर डाग कुठे उमटला ते बघा. भोकाच्या मधोमध असेल तर ठीक. खालच्या काठावर असेल तर दार बसलंय, म्हणजे परत बिजागरीकडे जा. बाहेरच्या काठावर असेल, तर दार पुरतं आत येत नाही. रबर फुगलंय, कडक झालंय किंवा नवं जाड बसवलंय. आमच्या आईला हा प्रयोग अजिबात आवडला नव्हता. "कुंकू काय कुलपाला लावायची वस्तू आहे का ही," म्हणाली. खडूनंही होतं, पण काळ्या पावडर कोटिंगच्या पट्टीवर ओलं कुंकू जास्त स्पष्ट दिसतं.

डाग कळला की पट्टी किंवा स्ट्रायकर सरकवायचा. आधी भोवती पेन्सिलनं रेघ मारा, म्हणजे चुकलं तर जुन्या जागी परत येता येतं. स्क्रू पूर्ण काढू नका. आतल्या बाजूचा नट पत्र्यामागे पडला तर सगळं पॅनेल उचकटावं लागतं. अर्धे ढिले करा, डागाच्या दिशेला एक मिलिमीटर सरकवा, आवळा, लावून बघा. परत एक मिलिमीटर. पट्टीला सरकायला जागा नसेल तर पट्टीचं भोक कानसीनं वाढवा. जिभेला कानस लावायची नाही. तिचा तिरका उतार बिघडला तर दार लागल्यासारखं वाटतं आणि खंबाटकीच्या वळणावर उघडतं.

इथे आपल्या सातारा जिल्ह्याची एक गंमत आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. प्लाय वापरलेलं दार जुलैत महाबळेश्वरला फुगतं आणि एप्रिलमध्ये माणमधल्या म्हसवडला आक्रसतं. पावसाळ्यात पट्टी जुळवली तर उन्हाळ्यात दार खडखडणार, उन्हाळ्यात जुळवली तर पावसात अडणार. मी पट्टी ऑक्टोबरच्या अखेरीस जुळवतो, मधल्या हवेत, आणि दोन्हीकडचं थोडं सोसतो. प्लायच्या उघड्या कडा, विशेषतः दाराची खालची कड, पॉलिश किंवा ऑइल पेंटनं बंद करून घेतलीत तर हा त्रास निम्मा होतो. ती कड रंगवायचीच राहिलेली असते, कारण ती कुणाला दिसत नाही.

मूठ लुळी पडली असेल तर

मूठ ओढली आणि हाताला काहीच ताण लागला नाही, तर आतली सळई क्लिपमधून सुटली आहे किंवा क्लिप तुटली आहे. मूठ आणि जबडा यांच्यामध्ये एक बारीक लोखंडी सळई असते आणि ती प्लास्टिकच्या नखाएवढ्या क्लिपनं धरलेली असते. ऊन आणि हादरे यांनी क्लिप ठिसूळ होते.

दाराचं आतलं पॅनेल काढा. स्क्रू बहुधा हाताच्या टेकूखाली आणि खणाच्या तळाशी झाकणीमागे लपवलेले असतात. सगळे निघाल्याशिवाय पॅनेल ओढू नका. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा, सळई क्लिपच्या कोणत्या बाजूनं गेलीय हे नंतर आठवत नाही. नवी क्लिप स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, जुनी तुटकी सोबत न्या, कारण सळईची जाडी जुळली पाहिजे. तोवर बारीक तारेनं किंवा झिप टायनं बांधून चालतं. माझी एक गाठ अशी दोन महिने चालली, पण ते अभिमानानं सांगण्यासारखं नाही.

मिटवताना आतलं पातळ प्लास्टिक परत चिकटवा. ते पॅकिंगचं राहून गेलेलं प्लास्टिक नसतं, पाणी कुलपाकडे येऊ नये म्हणून असतं.

आता कुठे कुलूप

किल्ली दोन्ही बाजूंना गोल फिरते आणि आत काही हलत नाही, तर कुलपाच्या सिलिंडरमागची, म्हणजे किल्ली जाते त्या नळीमागची, पट्टी सैल झालीय किंवा तुटलीय. लांबट सिलिंडर असेल तर दाराच्या कडेला, जिभेखाली, एक लांब स्क्रू असतो. तो काढा, किल्ली घाला, थोडीशी फिरवा म्हणजे मधलं नाक, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा तुकडा, सिलिंडरच्या रेषेत येतं, आणि सिलिंडर सरळ बाहेर ओढा. किल्ली न फिरवता ओढलंत तर नाक अडतं आणि लोक हातोडी शोधायला लागतात.

नवं घेताना पूर्ण लांबी सांगून भागत नाही. मधल्या स्क्रूच्या भोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत आणि आतल्या टोकापर्यंत वेगवेगळं मोजा: ३०-३०, ३०-४० असं. बाहेरच्या बाजूला सिलिंडर दारापलीकडे फार पुढे आलेलं नको, पकडीत धरून तोडता येतं. सगळ्यांत सोपं म्हणजे जुनंच खिशात घालून दुकानात जाणं.

किल्ली आत तुटली असेल तर भोक मूळ उभ्या स्थितीत आहे का बघा. किल्ली ज्या स्थितीत आत जाते त्याच स्थितीत बाहेर येते. फिरलेल्या स्थितीत तुटली असेल तर बारीक स्क्रू ड्रायव्हरनं आधी भोक मूळ जागी आणा, मग चिमट्यानं तुकडा ओढा. फेव्हिक्विक लावून काडीनं ओढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. किल्लीही जाते, कुलूपही जातं.

चावीवाल्याकडे जाताना गाडीचं आरसी आणि ओळखपत्र न्या. न विचारता कुठल्याही गाडीची किल्ली बनवून देणाऱ्याकडून किल्ली घ्यायची नाही, तो उद्या तुमच्या गाडीचीही कुणालाही देईल. आणि मूळच्या दोन्ही किल्ल्या जपा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी त्या मागते.

तेल कुठलं

किल्लीच्या भोकात खोबरेल घालणारे आपल्याकडे पुष्कळ. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. पाचगणीच्या डिसेंबरमधल्या पहाटे ते कुलपात मेणासारखं बसतं आणि दिवसभराची तांबडी धूळ धरून ठेवतं. शेंगतेल, इंजिन ऑइल तसं गोठलं नाही तरी धूळ तशीच धरून ठेवतं. भोकात कोरडं ग्राफाइट घाला. ते नसेल तर चित्रकलेची मऊ पेन्सिल, ६बी किंवा ८बी, किल्लीच्या दातांवर घासा आणि दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. शाळेची साधी एचबी चालते, पण तिच्यात मातीचा अंश जास्त. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला आणि पाणी हटवायला उत्तम, पण तेवढ्यावर थांबू नका, ते उडून जातं. जबडा, जीभ आणि बिजागरीला पांढरं लिथियम ग्रीस, तेही मटाराएवढं. रबराला ग्रीस नको, सिलिकॉन स्प्रे.

सेंट्रल लॉक असेल आणि रिमोटनं उघडेना, तर रिमोटचा सेल, मग गाडीची बॅटरी, मग फ्यूज, एवढं बघा. दार उघडताना-मिटताना चालतं-बंद पडतं असं होत असेल तर दार आणि चौकट यांच्यामधल्या रबरी नळीत वायर तुटलीय. ते इलेक्ट्रिशियनकडे.

दुरुस्ती होईपर्यंत

दार भरवशाचं नसेल तर घाटात तसं जाऊ नका. आतल्या मुठीपासून पक्क्या सीटच्या पायापर्यंत सामान बांधायचा पट्टा आवळा, दाराजवळच्या जागी कुणालाही बसवू नका, पोरांना तर नाहीच. पट्टा असा बांधा की आतून एका हातानं सुटेल. रात्री झोपताना आतून साधी कडी पुरते. बाहेरून कोयंडा बसवून टाळं घालायची कल्पना गाडी रिकामी असेपर्यंतच चांगली. आत माणूस असताना बाहेरून टाळं कधीही नाही. आत गॅस आहे, प्लाय आहे, गादी आहे.

गाडी भाड्याची असेल तर यातलं पॅनेल-पट्टीचं काहीच करू नका. अशी गाडी भाड्यानं घ्यायची असेल तर ताब्यात घेतानाच मालकासमोर दार दहा वेळा उघडा-लावा, दोन्ही किल्ल्या चालवून बघा आणि त्याचा व्हिडिओ काढा. मालक हसला तर हसू द्या.

काम कुणाकडे न्यायचं याचाही गोंधळ होतो. किल्ली आणि सिलिंडर चावीवाल्याकडे. बिजागरी, चौकट, पट्टी एमआयडीसीतल्या बॉडीवाल्याकडे. जबडा, सळई, क्लिप गाडीच्या मेकॅनिककडे. मी सुरुवातीला चौकटीचं दुखणं घेऊन चावीवाल्याकडे गेलो. त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, कुलूप चांगलं आहे. मी ऐकलं नाही, नवं घालायला लावलं. नवंही आठवड्यात तसंच अडलं.

सगळं जुळल्यावर यवतेश्वरचा घाट एकदा चढून उतरा. रिकामी नको, पाण्याची टाकी आणि सामान भरून, नेहमी जाता तशी. वर पोचल्यावर दार तपासा, खाली आल्यावर परत तपासा, आणि पट्टीचे दोन्ही स्क्रू पुन्हा आवळा. माझा वरचा स्क्रू पहिल्या फेरीनंतर अजूनही दर वेळी पाव आटा घेतो.